सापेक्षता सिद्धांत स्वतः शिकताना: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी या विषयाचा प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून, रात्री वही-पेन्सिल घेऊन, चुकतमाकत सापेक्षता शिकलेला नागपूरचा एक रहिवासी आहे. महाविद्यालयात जाणारी मुले, अभियंते, निवृत्त शिक्षक आणि एकदा तर मुलाच्या प्रश्नांनी जेरीस आलेल्या एका आई, अशा अनेकांनी गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न व त्यांना दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सोपी उत्तरे आखूड आहेत. जेथे बहुतेकांचा पाय अडकतो तेथे मी मुद्दाम रेंगाळलो आहे.

बारावीपर्यंतचे गणित येते. तेवढ्यावर सुरुवात करता येईल का?

विशिष्ट सापेक्षतेसाठी, म्हणजे एकसमान वेगाने चालणाऱ्यांच्या घड्याळांचा आणि लांबींचा हिशेब करणाऱ्या भागासाठी, दहावीचे गणितही पुरते. धावत्या गाडीच्या तळापासून छताकडे जाणारा प्रकाशकिरण गाडीतल्या प्रवाशाला सरळ उभा दिसतो आणि फलाटावरच्या माणसाला तिरका दिसतो. त्या तिरक्या रेषेवर काटकोन त्रिकोण उभा करून पायथागोरसचा सिद्धांत लावला, की कालविस्ताराचे, म्हणजे धावते घड्याळ मंद चालण्याचे, सूत्र चार ओळींत हाती येते. वेगाला प्रकाशवेगाने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग एकातून वजा करावा, उरलेल्याचे वर्गमूळ काढावे आणि एकाला त्या वर्गमुळाने भागावे. या संख्येला गॅमा म्हणतात आणि विशिष्ट सापेक्षतेतले निम्मे आकडेमोडीचे काम तीच करते.

गुरुत्वाकर्षणाला अवकाश-काळाची वक्रता मानणाऱ्या व्यापक सापेक्षतेला मात्र अधिक तयारी लागते. अनेक चलांचे कलन, मॅट्रिक्स, सदिश आणि साधी अवकल समीकरणे, म्हणजे साधारणपणे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे गणित, हाताच्या सवयीचे झालेले असावे. "सवयीचे" हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण परीक्षेपुरते आलेले आणि नंतर विसरलेले गणित येथे उपयोगी पडत नाही.

आधी सगळे गणित पुरे करावे आणि मग भौतिकीकडे वळावे, हे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. गणित "पुरे" कधीच होत नाही, आणि त्या प्रतीक्षेत दोन-तीन वर्षे घालवून विषय सोडून दिलेली हुशार माणसे मी पाहिली आहेत. खुद्द आइन्स्टाइन यांनाही हे गणित आधीपासून अवगत नव्हते. मुक्तपणे खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, ही कल्पना त्यांना १९०७ मध्ये सुचली. ती मांडण्यासाठी वक्र अवकाशाची भूमिती लागते हे उमगल्यावर १९१२ मध्ये झुरिकला परतून त्यांनी आपला जुना वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान याची मदत घेतली, आणि अंतिम समीकरणे नोव्हेंबर १९१५ मध्ये सादर झाली. भौतिकीतला प्रश्न आधी टोचला आणि गणित त्याच्या मागोमाग आले. स्वतः शिकणाऱ्यालाही हाच क्रम मानवतो.

प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच भरतो, हे मनाला पटत नाही. काय करावे?

मनाला पटण्याची वाट पाहू नये. हे तर्काने सिद्ध करायचे विधान नसून प्रयोगातून आलेले तथ्य आहे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वीच्या गतीचा प्रकाशवेगावर होणारा परिणाम शोधला आणि तो सापडला नाही. १९६४ मध्ये युरोपातील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत प्रकाशवेगाच्या ९९.९७५ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांपासून निघालेल्या प्रकाशाचा वेग मोजला गेला. आपल्या रोजच्या बेरजेप्रमाणे तो जवळजवळ दुप्पट यायला हवा होता, पण तो नेहमीचाच भरला. हे तथ्य मान्य करून त्यातून काय निष्पन्न होते ते पाहावे. पटणे मागाहून येते, आणि ते आकडेमोडीतून येते.

बहुतेक विद्यार्थी नेमके कोठे अडतात?

टेन्सरपाशी, म्हणजे व्यापक सापेक्षतेत लागणाऱ्या अनेक घटकांच्या गणिती राशींपाशी, अडतात असे लोक समजतात. माझा अनुभव वेगळा आहे: ते समकालिकतेपाशी अडतात, आणि आपण अडलो आहोत हे त्यांना कळतही नाही. घड्याळे मंद चालतात आणि लांबी आकुंचन पावते, ही दोन वाक्ये पाठ होतात. परंतु "दोन ठिकाणच्या घटना एकाच वेळी घडल्या" हे विधानच पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, ही तिसरी गोष्ट मनात उतरत नाही. ती उतरली नाही तर पहिल्या दोन गोष्टींतून विरोधाभासच हाती लागतात: मला तुझे घड्याळ मंद दिसते आणि तुला माझे, मग खरे कोणाचे?

यासाठी एक गणित स्वतः करावे. अजनीच्या फलाटावरून २४ डब्यांची, सुमारे ५६० मीटर लांबीची गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाने न थांबता जात आहे असे समजा. गाडीच्या बरोबर मध्यावरून दोन्ही टोकांकडे प्रकाश सोडून प्रवाशांनी पहिल्या आणि शेवटच्या डब्यातली घड्याळे जुळवून घेतली. फलाटावरून पाहता शेवटचा डबा त्या प्रकाशाला सामोरा येतो आणि पहिला डबा त्याच्यापासून दूर पळतो, म्हणून प्रकाश शेवटच्या डब्यात आधी पोहोचतो. प्रवाशांनी जुळवलेली घड्याळे फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने जुळलेली नाहीतच. शेवटच्या डब्यातले घड्याळ पुढे आहे. किती पुढे? गाडीची लांबी गुणिले वेग, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. हे उत्तर एका सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्याही पाव हिश्श्याहून किंचित कमी येते. आकडा क्षुल्लक आहे, पण तो शून्य नाही, आणि "कोणाचे घड्याळ खरे" या भांडणाचा सगळा निकाल त्या क्षुल्लक आकड्यात आहे. हे गणित जमल्याशिवाय पुढचे पान उलटू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ते ऐकत नाहीत.

जुळ्या भावांचा विरोधाभास कसा सोडवावा?

विरोधाभास असा: प्रत्येक भावाला दुसराच धावताना दिसतो, मग परत भेटल्यावर एकच तरुण कसा? तो सोडवावा आलेखाच्या कागदावर, आणि पूर्णांक संख्या घेऊन. थोरला घरी राहिला. धाकटा प्रकाशवेगाच्या चार पंचमांश वेगाने ८ प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यापर्यंत जाऊन लगेच परतला. थोरल्याच्या हिशेबाने जाण्यास १० आणि येण्यास १० अशी २० वर्षे लागली. गॅमा पाच तृतीयांश येतो, म्हणून धाकट्याची १२ वर्षेच सरली.

आता दोघेही दर वाढदिवशी एकमेकांना प्रकाशाचा एक संदेश पाठवतात असे माना. दूर जाताना प्रत्येकाला दुसऱ्याचे संदेश तीन वर्षांतून एकदा मिळतात, आणि जवळ येताना वर्षातून तीन मिळतात. हे प्रमाण दोघांसाठी अगदी सारखे आहे. धाकटा सहा वर्षे दूर जातो तेव्हा त्याला २ संदेश मिळतात, सहा वर्षे परत येतो तेव्हा १८ मिळतात, एकूण २०. थोरल्याला मात्र भाऊ वळल्याची वार्ताच अठराव्या वर्षी कळते, कारण वळण दहाव्या वर्षी झाले आणि तेथून प्रकाश यायला आणखी ८ वर्षे लागली. म्हणून अठरा वर्षांत ६ आणि उरलेल्या दोन वर्षांत ६, असे त्याला १२ संदेश मिळतात. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळतो. धाकट्याने वळताच त्याच्याकडे येणारे संदेश दाट होतात, तर थोरल्याला त्यासाठी आठ वर्षे थांबावे लागते. दोघांची स्थिती सारखी नाही ती येथे.

हे सारे फक्त कल्पनेतल्या गाड्यांपुरते आहे का?

नाही. अंतरिक्षातून येणारे वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्मतात. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या २.२ पट, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद असते. प्रकाशवेगाच्या ९९.५ टक्के वेगाने निघालेल्या म्युऑनला जमिनीपर्यंत यायला सुमारे ५० मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास तेवीस आयुष्ये लागतील. जुन्या हिशेबाने सुमारे आठशे कोटींत एक म्युऑन पोहोचायला हवा. परंतु या वेगाला गॅमा १० येतो, म्युऑनच्या स्वतःच्या घड्याळाने प्रवास जेमतेम सव्वादोन आयुष्यांचा ठरतो, आणि दहांतला एक जमिनीवर येतो. (वाटेत वातावरणात खर्च होणारी ऊर्जा येथे सोडून दिली आहे.) जमिनीवर प्रत्यक्षात दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे हे वाक्य वाचेपर्यंत आपल्या तळहातातून काही म्युऑन आरपार गेलेले असतील. या कणांच्या आयुष्यातली वाढ १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोराडोच्या पर्वतात वेगवेगळ्या उंचींवर मोजमाप करून दाखवली.

वेगाबरोबर वस्तुमान वाढते का?

जुनी पुस्तके तसे लिहितात. आता बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ वस्तुमान म्हणजे स्थिर अवस्थेतले वस्तुमान असेच मानतात, आणि वाढतात ती ऊर्जा व संवेग. जुने पुस्तक वाचत असाल तर एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या नात्याची कल्पना यावी म्हणून एक स्थानिक हिशेब: एक ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा अडीच कोटी युनिट विजेएवढी भरते. कोराडी वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर एवढी वीज तयार करायला त्यांना साडेबारा तास लागतील.

वक्रता म्हणजे काय, हे चित्राशिवाय समजत नाही. घरी काही करून पाहता येईल का?

नागपुरात या प्रश्नाचे उत्तर फळबाजारात मिळते. एक गोल, गुळगुळीत संत्रे घ्यावे. देठापाशी एक टाचणी टोचून तिला दोरा बांधावा. तो दोरा सालीवरून ताणून संत्र्याच्या मध्यरेषेपर्यंत आणावा आणि तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ सालीवर काढावे. हे वर्तुळ म्हणजे मध्यरेषाच. आता दुसऱ्या दोऱ्याने त्या वर्तुळाचा परीघ मोजावा. सपाट कागदावर परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो. येथे तो बरोबर चार पट भरतो, निदान फळ जेवढे गोल असेल तेवढ्या प्रमाणात तरी. ही तूट म्हणजे वक्रता. सालीवर राहणाऱ्या मुंगीला संत्र्याच्या बाहेर न जाता, केवळ दोऱ्याने मोजून ती कळू शकते, हा या प्रयोगाचा गाभा आहे.

दुसरा प्रयोग आगकाडीचा. काडी देठापाशी मध्यरेषेच्या दिशेने सालीवर आडवी ठेवावी आणि तिची दिशा न वळवता सरळ मध्यरेषेपर्यंत खाली न्यावी. मग मध्यरेषेवरून पाव फेरी सरकवावी, तेव्हाही काडी वळवायची नाही. आणि शेवटी पुन्हा देठाकडे वर आणावी. काडी सुरुवातीच्या दिशेशी काटकोन करून उभी दिसेल. वाटेत एकदाही न वळवलेली काडी वळली. टेन्सरच्या भाषेत वक्रतेची जी व्याख्या पुढे भेटते ती याच काडीचे गणिती वर्णन आहे, आणि ज्याने संत्र्यावर काडी फिरवली आहे त्याला ती व्याख्या परकी वाटत नाही.

याउलट कागदाची सुरनळी केली तरी तिच्यावर काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच राहते, म्हणून गणिती अर्थाने सुरनळी वक्र नाही. संत्र्याची साल फाडल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही. सुरनळी उलगडली की बसते.

पृष्ठभागावर राहूनच वक्रता मोजण्याची ही कल्पना जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ च्या सुमारास मांडली आणि ते स्वतः हॅनोव्हर राज्याच्या भूमापनात वर्षानुवर्षे उन्हातान्हात राबलेले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. सीताबर्डीजवळचा झिरो माइलचा स्तंभ आपण भारताचा मध्यबिंदू म्हणून पाहुण्यांना दाखवतो. तोही ब्रिटिश काळातल्या भूमापनाशीच जोडलेला आहे. पृथ्वीच्या पाठीवर त्रिकोण आखून तिचा आकार काढण्याचे ते काम आणि रीमान यांनी १८५४ मध्ये कितीही मितींपर्यंत वाढवलेली भूमिती यांच्यात, माझ्या दृष्टीने, एकाच पायवाटेवरचे थोडे अंतर आहे.

टेन्सरची भीती कशी घालवावी?

लहान उदाहरणे हाताने सोडवून. प्रथम सपाट कागदावर ध्रुवीय सहनिर्देशक (केंद्रापासूनचे अंतर आणि कोन) घेऊन मेट्रिक, म्हणजे अंतर मोजण्याचे सूत्र, आणि ख्रिस्तोफेल चिन्हे, म्हणजे ते सूत्र जागोजागी कसे बदलते ते सांगणाऱ्या राशी, काढावीत. तेथे चिन्हे शून्य येत नाहीत, पण वक्रता शून्य येते, आणि सहनिर्देशकांचा वाकडेपणा वेगळा व अवकाशाचा वाकडेपणा वेगळा हा धडा कायमचा मिळतो. त्यानंतर गोलाचा पृष्ठभाग घ्यावा. चार मितींकडे त्यानंतरच जावे.

चार मितींत मेट्रिकचे १०, ख्रिस्तोफेल चिन्हांचे ४० आणि वक्रता सांगणाऱ्या रीमान टेन्सरचे २० स्वतंत्र घटक असतात. हे आकडे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण गोलाकार सममितीच्या उदाहरणात त्यांतले बहुतेक शून्य होतात. घोटाळा होतो तो वरच्या-खालच्या निर्देशकांत, म्हणजे घटक ओळखण्यासाठी चिन्हाला वर किंवा खाली जोडलेल्या अक्षरांत. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना मोकळे (ज्यांवर बेरीज केलेली नाही ते) निर्देशक तेच आणि त्याच जागी आहेत ना, हे प्रत्येक ओळीनंतर पाहण्याची सवय लावली, तर निम्म्या चुका तेथेच सापडतात.

गुरुत्वाकर्षणाने घड्याळ बदलते म्हणतात. नागपुरात किती बदलते?

हा माझा आवडता प्रश्न आहे, आणि याला एक टेन्सरही लागत नाही.

वर वेग घेत जाणाऱ्या एका बंद खोलीची कल्पना करा. तळातून निघालेला प्रकाश छतापर्यंत पोहोचण्यास जेवढा वेळ घेतो तेवढ्यात छताचा वेग थोडा वाढलेला असतो. म्हणून छतावरच्या माणसाला प्रकाशाच्या लहरी किंचित विरळ येताना दिसतात. वेग घेणारी खोली आणि गुरुत्वाकर्षणात स्थिर असलेली खोली यांत आतून फरक करता येत नाही, हे समतुल्यतेचे तत्त्व लावले, की हाच परिणाम जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतीतही दिसला पाहिजे. प्रत्येक लहर घड्याळाचा एक ठोका मानली, तर खालचे घड्याळ वरच्यापेक्षा मंद. प्रमाण: गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. १९६० मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमध्ये केवळ २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा फरक मोजला.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. हा आकडा सूत्रात घातला, तर नागपुरातले घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्या तिप्पट, आणि वर्षाला साधारण एक मायक्रोसेकंद पुढे जाते. मुंबईकर पृथ्वीच्या अक्षापासून किंचित दूर असल्याने थोडे अधिक वेगाने फिरतात, त्याचे काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता. प्रश्न उत्तम आहे. स्थिर समुद्राची सपाटी अशीच ठरते की तिच्यावर सर्वत्र गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे परिवलन यांचे परिणाम मिळून घड्याळे एकाच गतीने चालतात, म्हणून हिशेबात केवळ समुद्रसपाटीपासूनची उंची उरते.

जीपीएसमध्ये सापेक्षता वापरली नाही तर रोज ११ किलोमीटरची चूक होईल, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. उपग्रहावरचे घड्याळ उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद. याला प्रकाशवेगाने गुणले की ११ किलोमीटर येतात. परंतु सर्व उपग्रहांची घड्याळे जवळजवळ सारखीच पुढे गेली, तर आपला फोन त्या सामाईक चुकीचा बराच भाग स्वतःच्या घड्याळाची चूक समजून वजा करतो, त्यामुळे जागेतली चूक थेट ११ किलोमीटर होईल असे म्हणता येत नाही. दुरुस्ती मात्र खरीच केली जाते, आणि घड्याळे उड्डाणापूर्वीच तेवढी मंद लावलेली असतात.

ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवलेले चित्र योग्य आहे का?

प्रदर्शनापुरते ठीक, अभ्यासाला घातक. चादरीवरचा गोळा खाली दबतो तो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने, म्हणजे जे समजवायचे आहे तेच गृहीत धरले जाते. शिवाय त्या चित्रात काळ नाहीच, आणि आंबा झाडावरून खाली का पडतो याचे उत्तर मुख्यतः काळाच्या वक्रतेत आहे.

हवेत फेकलेला चेंडू आणि बंदुकीची गोळी यांचे मार्ग अवकाशात किती वेगळे दिसतात! पण काळाचा अक्ष प्रकाशवेगाने गुणून आलेख काढला, तर दोन्ही मार्गांचा बाक सारखाच असतो, आणि त्या बाकाची त्रिज्या प्रकाशवेगाचा वर्ग भागिले गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जवळजवळ एक प्रकाशवर्ष येते. चेंडू एका सेकंदात काही मीटरच जातो, पण काळाच्या अक्षावर तो तीन लाख किलोमीटर पुढे सरकलेला असतो. इतका लांब प्रवास झाल्यावर इतका सूक्ष्म बाकही डोळ्यांना दिसतो.

मराठीतून शिकता येईल का?

विचार मराठीतून करावा. संज्ञा दोन्ही भाषांतल्या जवळ ठेवाव्यात. पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत हे मान्य केले पाहिजे, आणि त्याला लाजण्याचेही कारण नाही. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुणांनी आइन्स्टाइन यांचे मूळ जर्मन लेख भाषांतरित केले आणि ते पुस्तक १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. परक्या भाषेतून स्वतः शिकण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी संज्ञांसाठी उपयोगी पडतात. मी स्वतः प्रत्येक प्रकरण संपल्यावर त्याचा युक्तिवाद पुस्तक मिटून मराठीत एका पानात लिहीत असे. जे वाक्य मराठीत लिहिता येईना ते समजलेलेच नव्हते, हे दर वेळी उघड झाले.

नागपुरात यासाठी काय उपलब्ध आहे?

शासकीय विज्ञान संस्था, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि विद्यापीठ येथे हा विषय जाणणारी माणसे आहेत. नम्रपणे आणि नेमका प्रश्न लिहून नेल्यास मदत मिळते असा माझा अनुभव आहे. मुलांना घेऊन जायचे तर गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र आहे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. मे महिन्यात दुपारी डोके चालत नाही, त्यामुळे पहाटे पाच ते सात ही वेळ राखून ठेवावी.

किती काळ लागेल?

रोज एक तास दिला तर विशिष्ट सापेक्षतेला चार-पाच महिने, आणि त्यानंतर व्यापक सापेक्षतेला किमान दोन वर्षे. याहून लवकर शिकवून देतो म्हणणाऱ्या चित्रफिती पाहण्यास हरकत नाही. त्या पाहणे म्हणजे शिकणे नव्हे.

आइन्स्टाइन यांची चूक मला सापडली आहे. कोणाला कळवावे?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि मी त्याचा उपहास करीत नाही, कारण चूक शोधू पाहणारा माणूस निदान विचार तरी करीत असतो. माझे उत्तर ठरलेले आहे. आपल्या सिद्धांतातून तीन संख्या काढून दाखवाव्यात: बुधाच्या कक्षेचे शतकाला ४३ विकलांचे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जादा सरकणे, सूर्याच्या कडेजवळून जाणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाचे १.७५ विकलांचे वळणे, ज्याच्या निम्मेच न्यूटनच्या हिशेबाने येते आणि ज्याची पहिली तपासणी २९ मे १९१९ च्या ग्रहणात झाली. आणि हल्स व टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या जोडताऱ्यांच्या कक्षेचे हळूहळू आक्रसणे. तिन्ही जुळल्या तर मी स्वतः पेढे घेऊन येईन. बहुतेक वेळा "चूक" म्हणजे वर सांगितलेली समकालिकतेची अडचणच असते.

गुरुत्वीय लहरींचा शोध समजून घ्यायचा असेल तर?

गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळाच्या वक्रतेत उठणारे तरंग. तो अभ्यासक्रमाचा शेवटचा टप्पा आहे, पण त्याचे आकर्षण मराठी माणसाला अधिक असावे, कारण लायगो-इंडिया ही अशा लहरी टिपणारी वेधशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपलेली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती. तिने चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत केलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान होता. येथपर्यंत पोहोचण्यासाठी आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचे (क्षेत्र समीकरणांचे) क्षीण गुरुत्वाकर्षणातले सोपे रूप पुरते, हे नवशिक्याला कळले की त्याचा हुरूप वाढतो.

शिक्षक नाही. उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखावे?

एकच उत्तर दोन वाटांनी काढावे, एकके तपासावीत, आणि वेग फार कमी केल्यावर न्यूटनचे उत्तर परत येते का ते पाहावे. या तीन कसोट्या पुष्कळ चुका पकडतात, परंतु सर्व नाही. माझी एक चूक त्यांच्याही हातून सुटली होती.

नागपूरहून मुंबईला रेल्वेने नेलेले घड्याळ गतीमुळे किती मागे पडेल, हे मी एकदा काढले. सरासरी ताशी ६० किलोमीटर, चौदा तासांचा प्रवास. उत्तर आले एका नॅनोसेकंदाचा सुमारे तेरावा भाग. एकके बरोबर, सूत्र बरोबर, आणि मी समाधानाने वही मिटली. काही महिन्यांनी १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी विमानातून अणुघड्याळे पृथ्वीभोवती पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे फिरवल्याचे वाचताना लक्षात आले, की मी फलाट स्थिर धरला होता. फलाट स्थिर नाही. या अक्षांशावर तो पृथ्वीबरोबर सेकंदाला जवळजवळ ४३५ मीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतो. पश्चिमेला जाणारी गाडी त्या फिरण्यातून थोडी वजा होते, म्हणजे खरे तर हळू चालते, आणि तिच्यातले घड्याळ मागे न पडता सुमारे ३ नॅनोसेकंद पुढे जाते. माझे उत्तर चाळीसपट लहान होते आणि चिन्हही उलटे होते. परतीच्या प्रवासात हे ३ नॅनोसेकंद फेडावे लागतात, म्हणून जाऊन-येऊन हिशेब केला असता तर चूक दिसलीच नसती.

ही सगळी आकडेमोड संगणकाकडून करून घेतली तर?

घ्यावी, पण गोलाच्या पृष्ठभागाची ख्रिस्तोफेल चिन्हे एकदा हाताने काढून झाल्यावर. पायथन या संगणकभाषेत सिम्पाय हे विनामूल्य साधन आहे आणि ते श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, गोल वस्तुमानाभोवतीच्या अवकाश-काळाच्या मेट्रिकचे सर्व घटक क्षणात काढून देते. आपण दिलेल्या मेट्रिकमध्ये चिन्ह चुकले असेल तर तेही तितक्याच तत्परतेने चुकीचे घटक काढून देते, आणि ते चुकीचे आहेत हे ओळखण्यासाठी गोलाचे दोन घटक हाताने काढलेली ती जुनी वही शेजारी उघडी असावी लागते.